हारग्रेव्हचा पेटी-पतंग : नकाशा सापडेपर्यंत आणि त्यानंतर

"पतंग? हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे की संक्रांत?"

आमच्या गाइड सरांचा हा पहिला प्रश्न. फ्लुइड मेकॅनिक्सच्या मिनी प्रोजेक्टसाठी बाकीच्या ग्रुप्सनी पंप, व्हेंचुरीमीटर असे सज्जन विषय दिले होते. आम्ही चौघांनी लिहून दिलं होतं, 'लॉरेन्स हारग्रेव्ह यांच्या सेल्युलर काइटची मूळ साधनांवरून पुनर्निर्मिती'. शीर्षक भारदस्त असलं की अर्धं सबमिशन झालं, हा आपल्या हॉस्टेलचा जुना सिद्धान्त. तो या वेळी फसला. सर म्हणाले, "मूळ साधनं आधी आणून दाखवा. मग परवानगीचं बघू."

मित्रांनो, पुढच्या बॅचमधल्या कुणाला असला उपद्व्याप करायचा असेल तर त्याचे निदान दोन महिने वाचावेत म्हणून हा लेख लिहितोय. आमचे गेले ते गेले.

आधी माणसाची ओळख. हारग्रेव्ह १८५० मध्ये इंग्लंडमधल्या ग्रीनिचला जन्मला आणि १८६५ मध्ये सिडनीला आला. जहाज कंपनीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली, म्हणजे आपल्या भाषेत फिटिंग आणि टर्निंग शॉप. पुढे सिडनीच्या वेधशाळेत काही वर्षं नोकरी केली, आणि मग सगळं सोडून उडण्याच्या मागे लागला. १८९३ मध्ये त्याने पेटीसारख्या दोन कप्प्यांचा पतंग बनवला. १२ नोव्हेंबर १८९४ रोजी स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर असे चार पतंग एकाखाली एक जोडून तो स्वतः त्यांना लटकला आणि जमिनीपासून १६ फूट वर गेला. वाऱ्याचा वेग होता ताशी २१ मैल. हे आकडे आपल्याला माहीत आहेत, कारण वर जाताना गडी वारा मोजायचं यंत्र आणि दोरीचा कोन मोजायचं यंत्र बरोबर घेऊन गेला होता! आपण वॉटर टँकवर चढताना मोबाइलसुद्धा खाली ठेवतो.

दुसरी गोष्ट आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. हारग्रेव्हने आपल्या शोधांचं पेटंट घेतलं नाही. पेटंटमुळे उडण्याचं काम अडेल असं त्याचं मत होतं. जे केलं ते न्यू साउथ वेल्सच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलं आणि छापून टाकलं. त्याच पेटीची रचना पुढे युरोपातल्या विमानांत गेली. सान्तोस-द्युमाँचं १९०६ चं विमान पाहा, पंख म्हणून पेट्याच लावल्यात.

आता शोधाकडे वळतो. आम्ही सुरुवातीला 'बॉक्स काइट प्लॅन' असं शोधलं. काय मिळालं? एक तर १९१० चं ब्रिस्टल बॉक्सकाइट नावाचं विमान, ज्याचं ड्रॉइंग आमच्या काहीच कामाचं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे शाळेतल्या मुलांसाठी स्ट्रॉ आणि टिश्यूपेपरचे पतंग. तीन आठवडे याच्यात गेले. मग एका रात्री मेसमधून परतताना पार्टनर म्हणाला, "अरे, तो स्वतः त्याला बॉक्स म्हणतच नसेल तर?" अगदी तसंच होतं. हारग्रेव्हचा शब्द 'सेल्युलर काइट'. त्या नावाने शोधल्यावर १८९३ चा लेख दहा मिनिटांत सापडला, 'फ्लाइंग-मशीन मोटर्स अँड सेल्युलर काइट्स'. तोही कुठे, तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत, जिथे लोक झाडंझुडपं आणि किडेमुंग्या शोधायला जातात. कारण सरळ आहे. त्या सोसायटीच्या अंकांत वनस्पती, खडक, हवामान आणि पतंग सगळं एकत्र छापलेलं असे, म्हणून अख्खे अंकच स्कॅन झाले. तेव्हा जुनी वस्तू शोधायची तर तिचं आजचं नाव विसरा, ती बनवणारा तिला काय म्हणत होता ते आधी शोधा.

दुसरी खाण अमेरिकन वेदर ब्युरोची. विमानं आणि रेडिओसाँड येण्याआधी हवामानखाती वरच्या हवेचं तापमान मोजायला पेटी-पतंगच वापरत. चार्ल्स मार्विन या तिथल्या माणसाने १८९६ मध्ये 'मंथली वेदर रिव्ह्यू'मध्ये पतंगांच्या प्रयोगांवर लेखमाला लिहिली. जुने अंक आता फुकट वाचता येतात. हारग्रेव्ह संशोधक होता, मार्विन इंजिनिअर होता, आणि हा फरक वाचताना जाणवतो. काठी कुठे मोडते, ताण किती येतो, दोर कसा गुंडाळायचा, असल्या कटकटींवर मार्विन पानंच्या पानं लिहितो. मला विचाराल तर बांधायला बसताना मार्विन उशाशी असावा. हे पतंग किती वर जात? जर्मनीतल्या लिंडेनबर्ग वेधशाळेने १ ऑगस्ट १९१९ रोजी आठ पतंगांची माळ ९७४० मीटरवर नेली. एव्हरेस्टच्याही वर!

तिसरा प्रकार पेटंटचा. सॅम्युएल कोडीने १९०१ मध्ये पंखवाल्या पेटी-पतंगाचं ब्रिटिश पेटंट घेतलं, जे पुढे सैन्याने माणूस वर पाठवून टेहळणी करायला वापरले. चित्र इतकं सुंदर की आम्ही हारग्रेव्ह सोडून कोडीच करणार होतो. पण पेटंटचं चित्र हे हक्क सांगण्यासाठी काढलेलं असतं, बांधण्यासाठी नाही. त्यावर मापं नसतात. चौथा प्रकार म्हणजे आधुनिक पुस्तकांतली पुन्हा काढलेली ड्रॉइंग्ज. डेव्हिड पेलहॅमचं १९७६ चं 'पेंग्विन बुक ऑफ काइट्स' हे त्यातलं चांगलं पुस्तक आहे. सोय होते, हे खरं. पण पुन्हा काढलेल्या कुठल्याही ड्रॉइंगमध्ये मूळ मापं कुठली आणि काढणाऱ्याने अंदाजाने भरलेली कुठली, हे रेघेकडे पाहून कळत नाही. दोन्ही रेघा सारख्याच काळ्या असतात.

राहिले फोटो. स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर पतंगांबरोबर हारग्रेव्ह आणि त्याचा मदतनीस जेम्स स्वेन यांचा १८९४ चा फोटो प्रसिद्ध आहे. फोटोतला माणूस म्हणजे आपली फूटपट्टी, हे ठरवून आम्ही प्रिंट काढून मापं घेतली. इथे सावध राहायला हवं. माणसाची उंची ५ टक्के चुकली की पतंगाची लांबी ५ टक्के चुकते, क्षेत्रफळ मात्र १० टक्के. शिवाय माणूस कॅमेऱ्याजवळ आणि पतंग मागे असला की सगळंच गेलं. फोटो प्रमाण तपासायला वापरा, माप काढायला नको.

हे सगळं बाड सरांच्या टेबलवर ठेवलं तेव्हा ते बराच वेळ मार्विनची पानं उलटत बसले. परवानगी मिळाली.

अख्खा मोठा पतंग करणं शक्य नव्हतं. रूमच्या दारातून बाहेर निघायला हवा ही पहिली डिझाइन कंडिशन! आम्ही हारग्रेव्हच्या धर्तीचा छोटा आराखडा ठरवला. एकूण लांबी १२० सेंटिमीटर, दोन टोकांना दोन पेट्या, प्रत्येक पेटी ८० सेंटिमीटर रुंद, ४० उंच आणि वाऱ्याच्या दिशेने ३५ खोल, मध्ये ५० सेंटिमीटर मोकळं. आडवे पृष्ठभाग चार, म्हणजे उचलणारं क्षेत्रफळ १.१२ चौरस मीटर. उभ्या बाजू उचलत नाहीत, पण पतंगाला डावी-उजवीकडे भरकटू देत नाहीत.

पहिला पतंग आम्ही हिरव्या बांबूच्या जाड कामट्या आणि एका जुन्या चादरीचा केला. चादर कुणाची होती हे अजून उघड झालेलं नाही. दिसायला फोटोसारखा, हुबेहूब. ग्राउंडवर नेला, दोघे धावले, आणि पतंग त्यांच्यामागे गवतावरून फरफटत आला. तीन संध्याकाळी हाच कार्यक्रम. लेडीज हॉस्टेलच्या गॅलरीतून टाळ्या पडल्या त्या वेगळ्याच.

चौथ्या दिवशी आम्ही जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे गणित. लिफ्ट म्हणजे अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग गुणिले क्षेत्रफळ गुणिले लिफ्ट कोइफिशंट. घनता १.१५ आणि कोइफिशंट ढोबळ ०.६ धरला तर आमच्या क्षेत्रफळाला लिफ्ट येते ०.३८६ गुणिले वेगाचा वर्ग, न्यूटनमध्ये. पतंगाचं वजन भरलं १०५० ग्रॅम, म्हणजे १०.३ न्यूटन. नुसतं स्वतःचं वजन पेलायला सेकंदाला ५.२ मीटर वारा हवा. सिव्हिलच्या लॅबमधून ॲनेमोमीटर उसना आणला तर आमच्या ग्राउंडवरचा संध्याकाळचा वारा निघाला साडेतीन! पतंगात काही चूक नव्हती, तो फक्त जड होता.

जुन्या लेखांत वजन दर चौरस फुटाला औंसमध्ये दिलेलं असतं, तिकडे आम्ही लक्षच दिलं नव्हतं. एक औंस दर चौरस फूट म्हणजे सुमारे ३०५ ग्रॅम दर चौरस मीटर. आमचा पतंग होता ९४० ग्रॅमवर. हा एक आकडा आधी काढला असता तर चादर वाचली असती.

इथेच मोठं करण्याचा मोहही समजून घ्या. सगळी मापं दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. म्हणजे दर चौरस मीटरचा भार दुप्पट, आणि लागणारा वारा १.४१ पट. सायमन न्यूकोम्ब या खगोलशास्त्रज्ञाने १९०१ मध्ये याच हिशेबावरून मोठी उडती यंत्रं अवघड आहेत असं मांडलं होतं. त्यावर टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने काढलेली पळवाट मस्त आहे. पेटी मोठी करू नका, लहान पेट्यांची संख्या वाढवा, मग वजन आणि क्षेत्रफळ एकाच प्रमाणात वाढतं. बेलने हारग्रेव्हच्या पेटीपासून सुरुवात केली, पण चौकोन कलतो आणि त्याला तिरके आधार द्यावे लागतात म्हणून तो त्रिकोणावर आणि शेवटी चतुष्फलकावर गेला. त्याचा १९०३ चा 'नॅशनल जिऑग्राफिक'मधला लेख स्ट्रक्चर्सच्या पहिल्या धड्याबरोबर वाचायला द्यावा असा आहे. ट्रस त्रिकोणाचाच का असतो हे मला तो वाचून कळलं, परीक्षा झाल्यावर.

दुसरा पतंग. मशिनरी ज्या खोक्यांतून येते त्या पाइनच्या फळ्या वर्कशॉपच्या मामांनी रंध्यावर ८ मिलिमीटर चौरस करून दिल्या. जुन्या लेखांत कॅलिको, कॅम्ब्रिक अशी कापडं येतात. त्याऐवजी आम्ही छत्री दुरुस्तीवाल्याकडून छत्रीचं कापड घेतलं, कारण ते हलकं आणि घट्ट विणीचं असतं. तिरक्या काठ्या खाचेत बसवल्या आणि हव्या त्यापेक्षा दीड मिलिमीटर लांब ठेवल्या, म्हणजे कापड ढोलकीसारखं ताणलं जातं. काठ्या काढल्या की सगळं गुंडाळता येतं. केमिस्ट्री लॅबच्या तराजूवर वजन ४६० ग्रॅम. आता लागणारा वारा ३.४, आणि पाच मीटरच्या वाऱ्यात दुप्पट लिफ्ट हाताशी.

तो उडाला. पंधरा मीटर गेला, नाक आभाळाकडे केलं, क्षणभर थबकला आणि मागे सरकत शेपटावर आपटला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. काठ्या दोनदा बदलल्या.

इथे सगळी कागदपत्रं गप्प होती. चित्रांत दोर जिथे लागतो तिथे एक ठिपका असतो. पण तो ठिपका त्या पतंगासाठी, त्या वाऱ्यासाठी. आमच्या मापांच्या पतंगाला तो कुठे यायचा, हे मार्विनसुद्धा सांगत नव्हता.

आता एक कबुली. मी येवल्याचा. आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं आणि चक्रीला आम्ही आसारी म्हणतो. माझे वडील मागावर पैठणी विणतात, दुसऱ्याच्या मागावर, मजुरीने. मार्गशीर्ष-पौषात रात्री पतंग बांधतात. लहानपणी कामट्या तासायचं काम माझं होतं. फर्स्ट इयरला रूमवर ओळखपाळख झाली तेव्हा कुणीतरी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "बिझनेस." तेच पुढे तीन वर्षं चाललं. पतंगाचा विषय माझ्याच डोक्यातून निघाला होता, तरी तो 'इंटरेस्टिंग एरोडायनॅमिक्स' म्हणून मांडला होता.

त्या रात्री जिन्यात जाऊन अण्णांना फोन लावला. पेटी, दोन कप्पे, मापं, सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "शेपटी आहे का?"

"नाही."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागचं खोकं हीच त्याची शेपटी. पडताना नाक वर करतो का खाली घालतो?"

"वर करतो आणि मागं येतो."

"मग कन्नी खाली पडलीय. वरचा दोरा आखूड कर, बोटभर. उडवून बघ. नाही जमलं तर आणखी बोटभर. एकदम ओढू नको, नाहीतर डोक्यावर येईल."

कन्नीला कुणाच्या गावी सुत्तर म्हणतात. पतंगाला बांधलेला तो दुपाई दोरा, ज्याच्या गाठीवर मुख्य दोर लागतो. आमची कन्नी अशी होती की तिच्या गाठीतून पतंगावर लंब टाकला तर तो पुढच्या टोकापासून ३१ सेंटिमीटरवर पडे. वरचा पाय आखूड करत आम्ही तो २९, मग २७ आणि शेवटी २५ वर आणला. कोन उतरला, स्टॉल थांबला. पुस्तकी भाषेत सांगायचं तर कन्नीचा बिंदू पुढे गेला की अँगल ऑफ अटॅक कमी होतो, आणि मागची पेटी आडव्या शेपटासारखं काम करून नाक परत जागेवर आणते. मागचं खोकं हीच शेपटी, हे मी दोन महिने इंग्रजीत वाचत होतो.

२५ वर तो ६० मीटर दोरावर ४८ अंशांच्या कोनात उभा राहिला. दोराचा झोळ सोडला तर उंची सुमारे ४४ मीटर. पेटी-पतंग आपल्या पतंगासारखा नाचत नाही, गोत खात नाही. भिंतीला खिळा मारल्यासारखा आभाळात थांबतो. काटाकाटीची सवय असलेल्याला पहिल्यांदा जरा बोअर होतं. मग लक्षात येतं की म्हणूनच त्याला यंत्रं बांधून वर पाठवत असत.

सुरक्षेबद्दल थोडं, कारण आम्ही शहाणपणा केला नाही. एकदा ११ मीटरची झुळूक आली. वरच्याच सूत्राने जवळजवळ पाच किलोची ओढ. वर्कशॉपचे चामडी हातमोजे रूमवर राहिले होते. दोर पार्टनरच्या तळव्यातून सुर्रकन गेला, आणि पुढचे आठ दिवस तो डाव्या हाताने, चमच्याने वरण-भात खात होता. तेव्हा हातमोजे घालाच, आणि दोर खुंटीला एक वेढा देऊनच सोडा. दोर पॉलिस्टरचा, पीळदार घ्या. काच लावलेला मांजा नको, आणि नायलॉन मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे. वेधशाळा पतंग पोलादी तारेवर उडवत, पण ती नक्कल अजिबात करू नका. विजेच्या तारा दिसतील अशा जागी तर साधा दोरही नको. आमचं हॉस्टेलमागचं ग्राउंड यामुळेच बाद झालं आणि आम्ही दर वेळी सायकलवर माळावर गेलो.

ओरलला सरांनी जर्नल उघडलं. क्षेत्रफळ, वजन, वारा, सगळ्या आकड्यांपुढे आम्ही साधन लिहिलं होतं. कन्नीच्या २५ सेंटिमीटरपुढची जागा रिकामी होती.

"हा आकडा कुठून आणला?"

पार्टनर माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं, "सर, माझ्या वडिलांनी सांगितलं. ते येवल्याला पैठणी विणतात आणि सीझनला पतंग बांधतात."

सरांनी माझ्यापुढे पेन सरकवलं. "मग लिहा की. रिकामं का ठेवलंय?"

लिहिलं. बाहेर आल्यावर पार्टनर एवढंच म्हणाला, "तीन वर्षं बिझनेस काय रे? आणि संक्रांतीला एकदाही बोलावलं नाहीस!"

संध्याकाळी अण्णांना फोन करून मार्क सांगितले. त्यांना मार्कांपेक्षा कापड कुठलं घेतलं यात जास्त रस होता. छत्रीचं म्हटल्यावर हसले. म्हणाले, "पौषात येताना घेऊन ये. आमच्या वाऱ्याला काय करतो बघू."

काठ्या काढून गुंडाळी केली आहे, १२० सेंटिमीटर. एसटीच्या रॅकवर आडवी बसते, मागच्या आठवड्यात घरी जाताना टेपने मोजून आलोय. पार्टनरचंही तिकीट काढायचंय.